वचन कार्ड, सिडकोची लॉटरी आणि देवाकडून धरायची अपेक्षा: घरसभेत काय शिकवावं?

ऐरोली_घरसभा

सर्वांना सलाम.

आमची तरुणांची घरसभा (घरात भरणारी प्रार्थनेची, बायबल वाचनाची बैठक) दर शुक्रवारी रात्री साडेआठला ऐरोलीत भरते. दहा-बारा जण असतात. बहुतेक महापे-रबाळ्याला शिफ्टमध्ये आहेत, दोघं एमपीएससी करतात. ३१ डिसेंबरच्या रात्रीच्या उपासनेत सगळ्यांनी वर्षाचं वचन कार्ड (बायबलमधलं एकच वचन लिहिलेलं कार्ड) उचललं आणि तिघांच्या हाती यिर्मया २९:११ आलं, देवाच्या मनात आपल्याविषयी हिताचेच संकल्प आहेत ते. एकाने ते सिडकोच्या लॉटरीला लावलं, एकीने लग्नाला, एकाने कॅनडाच्या व्हिसाला. लॉटरीत नाव नाही, व्हिसा नाकारला गेला, लग्न जमत जमत मोडलं. आता दोघे मुलगे फिरकत नाहीत. ती येते, पण प्रार्थनेची वेळ झाली की गप्प.

“अपेक्षाच ठेवू नका” म्हटलं तर विचारतात, मग मागायचं कशाला? “विश्वास धरा, मिळणारच” म्हटलं तर पुढच्या वर्षी हेच पुन्हा. तीन-चार शुक्रवारांत घेता येईल असं काही ठोस सुचवा. गोलगोल नको.

---

नेरुळ_शास्त्राभ्यास

सलाम. पहिला शुक्रवार फक्त यिर्मया २८ आणि २९ या दोन अध्यायांना द्या. कार्डावर एक वचन मावतं, अध्याय मावत नाही, आणि घोळ तिथेच होतो.

२९ वा अध्याय हे बाबेलला धरून नेलेल्या लोकांना यरुशलेमहून पाठवलेलं पत्र आहे. ११ व्या वचनाच्या लगेच आधी, १० व्यात, मुदत दिली आहे: ७० वर्षं. म्हणजे पत्र ऐकणाऱ्यांतले बहुतेक प्रौढ परत जाणारच नव्हते. तोवर काय करायचं ते ५ ते ७ मध्ये आहे. घरं बांधा, बागा लावा, लग्नं करा, ज्या शहरात नेऊन टाकलं त्याच्या भल्यासाठी प्रार्थना करा. २८ व्या अध्यायात हनन्या नावाचा संदेष्टा अगदी उलट सांगतो. दोन वर्षांत सगळं परत मिळेल, म्हणतो. लोकांना तेच गोड वाटलं असणार. तो त्याच वर्षी वारला आणि दोन वर्षांत काही परत आलं नाही. मुलांना विचारा, यिर्मयाच्या वेळी आपण असतो तर यिर्मयाचं ऐकलं असतं की हनन्याचं? उत्तरं प्रामाणिक आली तर अर्धं काम झालं.

दुसऱ्या शुक्रवारी मागण्या वेगळ्या करायला शिकवा. फळ्यावर सगळ्यांच्या मागण्या लिहून घ्या आणि प्रत्येकीला एकच प्रश्न लावा: हे देवाने नक्की देतो म्हटलंय का, कुठे, आणि कोणाला?

काही गोष्टी विश्वासणाऱ्याला सरळ देऊ केल्या आहेत. पाप कबूल केलं तर क्षमा (१ योहान १:९), शहाणपण मागितलं तर शहाणपण (याकोब १:५), पवित्र आत्मा (लूक ११:१३), शेवटपर्यंत सोबत (मत्तय २८:२०). इथे अपेक्षा कमी धरणं हाच दोष. गंमत अशी की आपण या गोष्टी मागताना “प्रभू, तुझी इच्छा असेल तर” म्हणतो आणि व्हिसा मात्र हक्काने मागतो.

नोकरी, घर, जोडीदार, मूल, बरं होणं हा दुसरा गट. मागायला पूर्ण मोकळीक आहे, फिलिप्पै ४:६ मध्ये तर “सर्व गोष्टींविषयी” आहे. पण ४:७ मध्ये हमी दिली आहे ती शांतीची, मागितलेली वस्तू मिळण्याची नव्हे. दोन वचनं सलग वाचली की फरक कळतो, तोडून वाचली की नाही.

तिसरा गट सहसा कोणी फळ्यावर लिहीत नाही: संकट. योहान १६:३३ मध्ये प्रभूने तेही सांगून ठेवलंय. वचन कार्डांच्या डब्यात हे वचन कोणी घालत नाही.

सोसायटीच्या नोटीस बोर्डावरची नोटीस सगळ्यांसाठी असते, पण तिच्यावर आपण पेनाने “ब-३०२ चं गळतीचं काम १५ तारखेपर्यंत” असं लिहून ठेवलं आणि १६ तारखेला सेक्रेटरीशी भांडायला गेलो तर चूक कोणाची? मुलांनी वचनावर स्वतःच्या अक्षरात काय काय जोडलंय, ते शोधायला लावा. बहुधा तीन गोष्टी निघतात: तारीख, ठिकाण, आणि “हाच”.

आता लॉटरी. हजारो अर्ज, मोजकी घरं, आणि अर्जदारांत प्रार्थना करणारे दुसरे विश्वासणारेही आहेतच. आपलं नाव निघणं म्हणजे कुणाचं तरी न निघणं. म्हणून “ते घर माझंच” अशी घोषणा करण्याऐवजी मागणी अशी ठेवा: हप्ता झेपेल की नाही हे ओळखण्याची बुद्धी, कागदपत्रांत खरेपणा, नाव न निघाल्यास भाड्याच्या घरात समाधान. खरेपणाचं मुद्दाम लिहितोय. गट बसावा म्हणून उत्पन्नाचा दाखला कमी रकमेचा काढायचा आणि मग अर्जावर हात ठेवून प्रार्थना करायची, हे आपल्यात होतं. याकोब ४:३ त्यासाठीच आहे: वाईट हेतूने मागता म्हणून मिळत नाही.

---

कळवा_अग्नी

प्रेझ द लॉर्ड. नेरुळच्या भावाचा अभ्यास चांगला, पण असं शिकवत गेलात तर पोरं मागायचीच बंद होतील. याकोब १:६ म्हणतो, काही संशय न धरता मागा. मार्क ६:५-६ मध्ये नासरेथच्या लोकांच्या अविश्वासामुळे प्रभूला तिथे फारसं काही करता आलं नाही. आजच्या मंडळीला अपेक्षा जास्त झाल्यात असं मला वाटत नाही, कमी झाल्यात. “मिळालं तर ठीक, नाही तर ठीक” याला विश्वास म्हणत नाहीत.

---

नेरुळ_शास्त्राभ्यास

ब्रदर, शेवटचं वाक्य मान्य. ते थंडपण मलाही नको. पण याकोब १:६ पाचव्या वचनाला जोडून आहे आणि तिथे मागणी शहाणपणाची आहे, जे देतो म्हणून स्पष्ट सांगितलंय. नासरेथकरांनी प्रभूला नाकारलं होतं. मागायला येऊन रडणाऱ्या माणसाला त्यांच्या रांगेत बसवू नका.

“तुझा विश्वास कमी पडला” हे वाक्य घरसभेत बंदच करा, कारण शास्त्रात ते माप चालत नाही. योहान ५ मधला ३८ वर्षांचा आजारी बरा झाला तेव्हा त्याला बरं करणारा कोण हेही माहीत नव्हतं. मार्क ९:२४ मधला बाप अर्ध्या विश्वासाने आला, त्याचा मुलगा बरा झाला. कृत्ये १२ मध्ये मंडळी तुरुंगातल्या पेत्रासाठी रात्री जमून प्रार्थना करते आणि पेत्र दारात येऊन उभा राहतो, तर दार उघडायला गेलेल्या मुलीला म्हणते, तू वेडी आहेस. उलट २ करिंथ १२ मध्ये पौलाने शरीरातला काटा, म्हणजे त्याला छळणारं दुखणं, जावं म्हणून तीनदा विनवलं आणि काटा राहिलाच. सोबती त्रफिमाला त्याने मिलेतात आजारी सोडलं (२ तीमथ्य ४:२०). पौलाचा विश्वास कमी होता म्हणायचं का?

मागणी ठाम आणि तरीही मोकळी कशी असते ते दानीएल ३:१७-१८ मध्ये पाहा. आगीच्या भट्टीत टाकायची धमकी मिळालेले तिघे राजाला म्हणतात: आमचा देव सोडवायला समर्थ आहे, आणि त्याने नाही सोडवलं तरी आम्ही मूर्तीला नमणार नाही. दोन्ही वाक्यं एका दमात. मुलांकडून हाच साचा त्यांच्या स्वतःच्या मागणीसाठी लिहून घ्या. “नाही दिलं तरी मी ___” ही रिकामी जागा भरताना हात थांबतो. तिथे थांबू द्या, लगेच आमेन म्हणवून घेऊ नका.

---

सीवूड्स_सिस्टर

आजारपणाबद्दल एक सांगते, कारण हे तरुणांच्या घरातही चालू असतं. प्रार्थना झाली म्हणून टीबीच्या, फिटच्या, साखरेच्या किंवा मानसिक आजाराच्या गोळ्या कोणी थांबवायच्या नाहीत. “औषध घेतलं म्हणजे अविश्वास” असं कोणी म्हणालं तर २ राजे २० उघडा. आजारी हिज्कीया राजाला देवाने बरं करीन आणि आणखी १५ वर्षं देईन असं स्पष्ट सांगितलं, आणि तरी लगेच पुढच्या वचनात यशया संदेष्टा अंजिरांचा लेप लावायला सांगतो. इतकं पक्कं वचन असताना लेप लागला. बरं वाटत असेल तर डॉक्टरांकडून तपासणी करून घ्या, रिपोर्ट आल्यावर साक्ष द्या. साक्ष दोन आठवडे उशिरा दिली म्हणून देवाचा महिमा कमी होत नाही.

पैशाचंही तसंच. “अमुक रकमेचं बी पेरा, व्हिसाचं दार उघडेल” अशी हाक आली आणि समोर क्यूआर कोड धरला की मुलं क्रेडिट कार्डावरूनही देतात. २ करिंथ ८:१२ प्रमाणे जे आहे त्यातून द्यायचं, नाही त्यातून नाही. उसनं घेऊन दिलेल्या देणगीचा परतावा आला नाही की राग देवावर निघतो, आणि हप्ता त्यांच्या पगारातून जातो.

कोणी “तीन महिन्यांत तुझं लग्न” असा संदेश दिला तर? धुडकावू नका, पारखा. १ थेस्सलनी ५:२०-२१ दोन्ही सांगतं. तारखेसह लिहून ठेवा, कोणी दिला तेही लिहा, पाळकांना दाखवा, आणि फक्त त्यावर विसंबून स्थळ नाकारू नका, नोकरी सोडू नका. लिहून ठेवण्याचा फायदा असा की संदेश देणाराही पुढच्या वेळी जरा जपून बोलतो.

---

चरई_पॅरिश

मी कॅथलिक, पण विषय आपला सगळ्यांचाच आहे. आमच्याकडे वचन कार्डांची जागा नोव्हेना, म्हणजे नऊ वेळा करायची प्रार्थना, घेते. नऊ बुधवार पूर्ण केले, आता माझं काम झालंच पाहिजे, असा हिशोब. फादर कितीही सांगोत, मेणबत्तीबरोबर पावती मिळाल्यासारखं लोक वागतात.

संरक्षणाच्या अपेक्षेबद्दल वर कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. स्तोत्र ९१ बाइकवर, रिक्षावर, दाराच्या चौकटीवर असतं. असावंही. पण मंदिराच्या टोकावर सैतानाने प्रभूला उडी मारायला सांगताना तेच स्तोत्र वापरलं होतं (मत्तय ४:६). शब्द बरोबर, वापर चुकीचा. हेल्मेट न घालता स्तोत्र ९१ म्हणणं त्याच जातीचं. आणि आपल्याच गावचा इतिहास घ्या. १३२१ च्या एप्रिलमध्ये ठाण्यात फ्रान्सिस्कन संघाचे चार धर्मबंधू मारले गेले: टोलेंटिनोचे थॉमस, पादुआचे जेम्स, सिएनाचे पीटर आणि तिफ्लिसचे डेमेट्रियस. त्यांचे सोबती जॉर्डानुस त्या वेळी भरूचकडे गेले होते म्हणून वाचले, आणि त्यांनीच मृतदेह सोपाऱ्याला नेऊन पुरले. चौघांची प्रार्थना कमी पडली आणि पाचव्याची पोचली असं कोणी म्हणणार नाही. कृत्ये १२ मध्येही याकोब तलवारीने मारला जातो आणि पेत्र सुटतो, एकाच अध्यायात.

दुसरं, भावनेची अपेक्षा. वस्तू नाही मिळाली तर माणूस निदान बोलून दाखवतो, पण “मला काहीच जाणवत नाही” हे तो लपवतो. बँड चालू असताना अंगावर काटा यायचा, तो येईनासा झाला की देव गेला असं त्याला वाटतं. संत इग्नेशियस लोयोला यांनी १६ व्या शतकात याचे नियम लिहून ठेवलेत, ते प्रोटेस्टंट घरसभेतही जसेच्या तसे चालतील. थोडक्यात सांगतो.

मन कोरडं पडलेलं असताना आधी घेतलेला चांगला निर्णय बदलायचा नाही. मंडळी सोडणं, साखरपुडा मोडणं, सेवेतून बाहेर पडणं, सगळं पुढे ढकलायचं. कोरडेपणा तेव्हा वाईट सल्लागार असतो. प्रार्थनेची ठरवलेली वेळ कमी करायची नाही, उलट थोडी वाढवायची. १५ मिनिटं ठरली असतील तर १६-१७ मिनिटं बसायचं. यात हट्ट आहे, आणि तो मुद्दाम आहे. कोरडेपणाची कारणं ते तीन देतात: आपला आळस, आपली पारख, किंवा गोडी ही आपली कमाई नसून देणगी आहे हे कळावं म्हणून. पहिलं कारण लागू असेल तर सुधारता येतं. लागू नसेल तर स्वतःला कोरडे मारत बसू नये. आणि मन भरून आलेलं असताना, पुढे कोरडे दिवस येतील तेव्हा कसं वागायचं, हे आधीच ठरवून ठेवायचं. उपवास-प्रार्थनेच्या शिबिराहून परत येताना गाडीतच हे बोलून घ्या. सोमवारी सकाळच्या ट्रान्स-हार्बरच्या गर्दीत ते सुचणार नाही.

---

ऐरोली_घरसभा

खूप मिळालं, धन्यवाद. कळव्याच्या भावाचाही मुद्दा लक्षात ठेवीन, मुलं मागायची थांबायला नकोत.

एक राहिलंच. जी गप्प बसते तिच्यासमोर हे सगळं शिकवलं तर तिला वाटेल की तिलाच सुनावतोय. तिचं काय? आणि जे दोघं येत नाहीत त्यांचं?

---

सीवूड्स_सिस्टर

तिच्यासाठी शिकवण नको, विलाप हवा. स्तोत्रसंहितेत तक्रारीची स्तोत्रं ढिगाने आहेत, पण आपण गातो फक्त स्तुतीची. तुकोबा विठ्ठलाशी कडकडून भांडले ते आपल्याला शाळेत शिकवलं, आणि स्वतःच्या मंडळीत मात्र “देवा, असं का केलंस” म्हटलं की लोक दचकून पाहतात.

तिसरा शुक्रवार स्तोत्र १३ ला द्या. सहाच वचनं आहेत. पहिल्या दोनांत “कोठवर?” चार वेळा येतं. ३-४ मध्ये मागणी. ५-६ मध्ये भरवसा. प्रत्येकाला कोरा कागद द्या आणि २० मिनिटं शांतता. त्याच क्रमाने स्वतःचं लिहायचं: दोन-तीन ओळी तक्रार, तीही नाव घेऊन, गुळमुळीत नाही; एक-दोन ओळी मागणी; शेवटी देवाविषयी जे अजूनही खरं वाटतं ते, एक ओळ का असेना. शेवटची ओळ सुचत नसेल तर कोरी सोडू द्या. स्तोत्र ८८ अंधारातच संपतं, तरी ते शास्त्रात आहे. कागद वाचून दाखवायची सक्ती नको, आणि गोळा तर मुळीच करू नका.

यात नेहमी बिघडतं ते इथे: कोणीतरी तक्रार वाचतं आणि शेजारचा लगेच रोम ८:२८ ऐकवतो, देवावर प्रीती करणाऱ्यांना सगळं मिळून हिताचंच ठरतं ते. वचन खरं, वेळ चुकीची. ईयोबाचे मित्र सात दिवस गप्प बसले तोवर ठीक होते, तोंड उघडल्यावर बिघडलं. शेवटी देव त्यांनाच सुनावतो, ईयोब माझ्याविषयी जसं बरोबर बोलला तसं तुम्ही बोलला नाहीत म्हणून (४२:७). आधीच नियम सांगून टाका: वाचणाऱ्याला उत्तर द्यायचं नाही, फक्त “ऐकलं” म्हणायचं.

ती आठवडेच्या आठवडे झोपत नसेल, जेवत नसेल, कामावर जाणं टाळत असेल, तर विषय घरसभेच्या बाहेरचा आहे. १ राजे १९ मध्ये एलीया संदेष्टा मरण मागतो तेव्हा देवदूत त्याला प्रवचन देत नाही. भाकर देतो, पाणी देतो, झोपू देतो, आणि पुन्हा एकदा जेवायला उठवतो. वाणी पुढे होरेब डोंगरावर. सरकारची टेलि-मानस हेल्पलाइन १४४१६ वर मोफत आहे, मराठीतही बोलता येतं. जीव द्यायचं बोलत असेल तर त्याच दिवशी घरच्यांना सांगून डॉक्टरांकडे न्या. तेव्हा “गुपित ठेवीन” असं वचन देऊ नका.

---

नेरुळ_शास्त्राभ्यास

चौथ्या शुक्रवारी वही. शंभर पानी साधी वही पुरते, अॅपची गरज नाही. पाच रकाने आखा: तारीख, मागणी एका वाक्यात, कोणत्या वचनाच्या आधारावर, माझ्याकडचं काम, काय झालं. चौथा रकाना बहुतेकांचा रिकामा निघतो. एमपीएससीसाठी मध्यस्थी चालू असते आणि मागच्या प्रश्नपत्रिका सोडवलेल्या नसतात. तिसरा रकाना रिकामा राहिला तर मागणी खोडू नका. ती दुसऱ्या गटातली आहे एवढंच कळेल.

“काय झालं” लिहिताना चार पर्याय ठेवा: मिळालं, नाही मिळालं, वेगळं मिळालं, अजून माहीत नाही. “नाही मिळालं” हे लिहायला बंदी असल्यासारखं लोक वागतात आणि प्रत्येक नकाराचं “देवाने काहीतरी अधिक चांगलं राखून ठेवलंय” करतात. कदाचित ठेवलं असेल, पण ते दिसेपर्यंत लिहू नका. गेथशेमाने बागेत, पकडलं जाण्याआधी, प्रभूने तीनदा तीच प्रार्थना केली आणि दुःखाचा प्याला टळला नाही. तिथे “नाही” हेच उत्तर होतं. वही दर तीन महिन्यांनी जोडीजोडीने वाचा, रोज उघडून पाहू नका. अब्राहाम निघाला तेव्हा ७५ चा होता, इसहाक झाला तेव्हा १०० चा. मधल्या काळात घाई करून दासी हागारेपासून इश्माएल हा मुलगा होऊ देण्याची वाट स्वतःच काढली, आणि त्या घाईचा त्रास हागारेला झाला.

---

कळवा_अग्नी

वही चालेल. एक भर: मिळालेल्या गोष्टींची साक्ष त्याच रात्री घ्या, तीन महिने थांबू नका. आणि न मिळालेल्याही माणसाला साक्षीच्या वेळी उभं राहू द्या. आमच्याकडे हे होत नाही, व्हायला हवं.

येत नाहीत त्या दोघांना फोन पाळकांनी करू नये, त्यांच्याच वयाच्या कोणीतरी करावा. “का येत नाहीस” विचारायचं नाही, व्हिसाचा विषय आपण काढायचा नाही. जेवायला बोलवा, घरसभेचा दिवस सोडून. त्याने स्वतः देवावर राग काढला तर देवाची वकिली करू नका, ऐका. निघताना विचारा, तुझ्यासाठी मी प्रार्थना केली तर चालेल का? नाही म्हणाला तर तिथे करायची नाही, घरी येऊन करायची. फोन संध्याकाळी सहाच्या सुमाराला करा, रात्रपाळीवाले तोवर उठलेले असतात.